स्ट्राउडचं पक्षीरोगांवरचं पुस्तक: निदानासाठी घ्या, औषधासाठी नको

अमेरिकन कैदी रॉबर्ट स्ट्राउडचं ‘डायजेस्ट ऑन द डिसीझेस ऑफ बर्ड्‌स’ १९४३ मध्ये छापून आलं. त्याची जुनी प्रत किंवा पुनर्मुद्रण शोधणारे बरेच जण लेखकाच्या कहाणीमुळे तिकडे वळतात. कहाणी बाजूला ठेवली तरी कॅनरी आणि फिंच हे छोटे पिंजऱ्यातले पक्षी पाळणाऱ्याने हे पुस्तक जवळ ठेवावं असंच आहे. मात्र यातलं काय वापरायचं आणि काय नुसतं वाचायचं, हे आधी ठरवून घ्या.

त्यासाठी पुस्तक कुठून आलं ते माहीत हवं. १९१६ मध्ये कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थ तुरुंगात स्ट्राउडने एका पहारेकऱ्याचा खून केला. फाशीची शिक्षा झाली, ती १९२० मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जन्मठेपेवर आणली आणि त्याला एकांतवासात ठेवण्यात आलं. तिथल्या आवारात त्याला चिमण्यांची पिल्लं सापडली. मग कॅनरी आल्या आणि पुढच्या वर्षांत सुमारे ३०० कॅनरी त्याने वाढवल्या. देशभरातले पक्षीपालक त्याला पत्रं लिहून सल्ला मागत, तोही पत्रानेच उत्तर देई. कॅनरींच्या रोगांवरचं त्याचं पहिलं पुस्तक १९३३ चं, त्याचं हस्तलिखित तुरुंगातून चोरून बाहेर काढावं लागलं. १९३१ च्या सुमारास त्याचा पक्ष्यांचा उद्योग बंद पाडायचा प्रयत्न झाला, तेव्हाही पत्रांनी आणि सह्यांच्या मोहिमेनेच तो वाचला. लोक त्याला अल्काट्राझ या बेटावरच्या तुरुंगाशी जोडतात, पण डिसेंबर १९४२ मध्ये तिथे हलवल्यावर त्याला एकही पक्षी ठेवू दिला नाही. पुस्तकातलं निरीक्षण लेव्हनवर्थचं आहे.

या पत्रव्यवहाराची छाप पुस्तकावर जाणवते. समोर नसलेल्या पक्ष्याबद्दल सल्ला द्यायचा तर प्रश्न नेमके विचारावे लागतात. विष्ठेचा कोणता भाग बदलला, पांढरा की हिरवा? पक्षी फुगून बसतो तो दिवसभर की फक्त सकाळी? एकच आजारी आहे की शेजारच्या पिंजऱ्यातलेही? आज डॉक्टरला फोन करतानाही हेच सांगायचं असतं, आणि त्यात वजन जोडायचं. कॅनरी साधारण १५ ते २५ ग्रॅमची असते, म्हणून एक ग्रॅम दाखवणारा काटा लागतोच. पिसं फुगलेली असली की डोळ्यांना पक्षी गुबगुबीत वाटतो, छातीचं हाड मात्र बोटाला धारेसारखं लागतं. तोवर बरंच वजन गेलेलं असतं.

पुस्तकाचा सगळ्यात भक्कम भाग शरीररचनेचा आणि शवविच्छेदनाचा. आकृत्या त्याने स्वतः काढल्या आहेत. यकृत, प्लीहा, आतडं कुठे आणि कसं दिसतं, हे एकदा नीट पाहिलं की मेलेला पक्षी नुसता पुरून टाकावासा वाटत नाही, आणि उरलेला थवा वाचवायचा तर तो टाकूही नये. पिसांमुळे शरीरातली उष्णता अडकून राहते आणि लहान देह फार लवकर कुजतो. म्हणून साबणाच्या थंड पाण्याने पिसं भिजवा, दोन पिशव्यांत बंद करून फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. फ्रीझरमध्ये नको. बर्फाने पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही कळत नाही. घरी उघडायचा मोह झालाच तर हातमोजे आणि मास्क हवेत, कारण पक्ष्यांचे काही जंतू माणसालाही लागतात.

आता औषधं. हेमोरेजिक सेप्टिसेमिया (रक्तात जंतू पसरून आत रक्तस्राव होणं) या गटातल्या रोगांवरचं स्ट्राउडचं काम विशेष गाजलं, त्याची औषधं विकलीही गेली. पण हे सगळं काम प्रतिजैविकं सर्रास मिळायच्या आधीचं आहे. त्यातली रसायनं आणि मात्रा आज वापरू नयेत. दुसरी अडचण अशी, की सारखी लक्षणं वेगवेगळ्या कारणांनी येतात. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शेपटी वरखाली होणं, रात्री टिकटिक आवाज येणं, हे वायुकोशातल्या (पक्ष्यांच्या श्वसनाच्या पिशव्यांतल्या) माइट या बारीक परजीवी किड्यांमुळे होतं, तसंच संसर्गानेही होतं. माइटवर आयव्हरमेक्टिन चालतं, पण २० ग्रॅमच्या जिवाला अर्धा थेंब जास्त झाला तरी जिवावर बेतू शकतं. मात्रा पक्ष्यांच्या डॉक्टरनेच मोजून द्यावी.

डॉक्टर मिळेपर्यंत घरी करायचं ते ऊब देणं. पिंजऱ्याच्या एकाच टोकाला २९ ते ३२ अंश ठेवा, म्हणजे गरम झालं तर पक्षी सरकू शकतो. दाणापाणी खाली, बसलेल्या जागी. अंडं अडकलेल्या मादीलाही आधी ऊब आणि दमट हवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. ते आत फुटलं तर कवचाच्या तुकड्यांनी आतून जखमा होतात.

प्रत घेताना आकृत्यांची पानं शाबूत आहेत ना, तेवढं उघडून पाहा. पुनर्मुद्रणात रेषा पुसट झाल्या असतील तर जुनी, पिवळी पडलेली प्रत बरी.