माळ्यावरचे उंदीर: चाप, पिंजरा, ग्लू पॅड की विष?

छतात उंदीर झालेत हे कळलं की बहुतेक जण सरळ विषाच्या वड्या आणतात. मीही आणल्या होत्या. सहाव्या दिवशी खुडबुड थांबली, आठव्या दिवशी वास सुरू झाला. छताच्या फळ्यांआड, हात पोचणार नाही अशा जागी उंदीर मेला होता आणि तो वास दोन आठवडे घरात मुरला. तेव्हापासून उंदरांवरच्या कुठल्याही उपायाबद्दल मी आधी हेच विचारते: उंदीर मरेल कुठे, आणि तो मला बाहेर काढता येईल का?

पण त्याआधी आलाय कोण, ते बघा. छपरावर राहणारा काळा उंदीर (शास्त्रीय नाव रॅटस रॅटस) नेहमी काळाच असतो असं नाही, तपकिरी किंवा करडाही असतो. म्हणून रंगावर जाऊ नका, शेपूट बघा. डोकं आणि धड मिळून जेवढी लांबी होते, त्याहून शेपूट लांब असते. कान मोठे, तोंड निमुळतं, अंग सडपातळ. गटारात आणि बिळात राहणारा उंदीर जाडजूड, आखूड शेपटीचा आणि बोथट तोंडाचा असतो. उंदीर दिसलाच नाही तर लेंड्यांवरून ओळखा. काळ्या उंदराच्या साधारण १२ मिलिमीटर लांब आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, गटारातल्या उंदराच्या १८ ते २० मिलिमीटरच्या आणि बोथट. चिमुकल्या उंदराच्या (ही वेगळी, छोटी जात, पिल्लं नव्हेत) जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरच्या.

हा फरक कळला नाही तर सापळा चुकीच्या जागी लागतो. काळा उंदीर पटाईत चढणारा. तो वाशांवरून, पाइपांवरून, वायरींवरून फिरतो, आणि रोजच्या वाटेवर त्याच्या अंगाचा तेलकट काळा पट्टा उमटतो. जमिनीवर कोपऱ्यात ठेवलेला सापळा त्याच्या वाटेत येतच नाही.

स्प्रिंगचा चाप

माझी पहिली पसंती हीच. नीट लावलेला चाप क्षणात मारतो, उंदीर तिथेच सापडतो, आणि घरात विष येत नाही. लोकांचा अनुभव वाईट असतो तो घाईमुळे. काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस चाप न ताणता नुसतं आमिष ठेवायचं. ते खाल्लं जायला लागलं की सगळे चाप एकाच रात्री ताणायचे. एका चापाने भागत नाही, सहा-सात तरी हवेत. आमिष म्हणून सुका मेवा किंवा फळाचा तुकडा चालतो, पण तो दोऱ्याने बांधा, नाहीतर उंदीर अलगद उचलून नेतो. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे. वाशावर लावलात तर तारेने किंवा स्क्रूने पक्का करा.

लहान मुलं किंवा पाळीव प्राणी पोचतील तिथे उघडा चाप नको, खोक्यात बसवलेला घ्या.

पिंजरा

जीव घ्यायचा नाही म्हणून पिंजरा आणणाऱ्यांची भावना मला कळते. पण पकडलेल्याचं पुढे काय, हे आधी ठरवा. जवळ सोडलात तर तो परत येतो. लांब, अनोळखी जागी सोडलेला बऱ्याचदा जगत नाही. आणि पिंजरा रोज सकाळ-संध्याकाळ बघायला जमणार नसेल तर तो लावूच नका, आत अडकलेला उंदीर तहानेने तडफडतो.

ग्लू पॅड

घेऊ नका. चिकटलेला उंदीर तासन्‌तास, कधी दिवसभराहून जास्त तडफडतो आणि सुटायला स्वतःचेच पाय कुरतडतो. पाली आणि छोटे पक्षीही त्यात अडकतात. माळ्यावरच्या धुळीने गोंदाची पकडही जाते. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून परवान्याशिवाय उंदरांसाठी असे पॅड लावणं गुन्हा आहे.

विष

बाजारातल्या बऱ्याच वड्यांमध्ये ब्रोमाडिओलोन किंवा ब्रोडिफॅकूम असतं. याने रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो. विष खाल्लं की तहान लागून उंदीर बाहेर जाऊन मरतो, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. मरायला टेकलेला उंदीर आडोसा शोधतो, आणि छतातल्या उंदराचा आडोसा छतातच असतो. शिवाय काळे उंदीर खाणं उचलून साठवतात, त्यामुळे तुम्ही ठेवलेली वडी उद्या कुठे असेल याचा भरवसा नाही. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही बाधा होते.

या विषांवर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरमार विषावर तर उताराच नाही. पोटात गेल्यावर त्यापासून फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. ते घरात आणू नका. विष वापरायचंच असेल तर घराबाहेर, कुलूपबंद पेटीत, आतल्या सळईला वडी अडकवून. उपद्रव मोठा असेल तर हे काम जाणकाराकडे द्या.

उंदीर पळवायला विकतात त्या अल्ट्रासॉनिक (माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या) यंत्राचा आवाज भिंत ओलांडत नाही आणि उंदरांना त्याची सवय होते. मांजर छताच्या पोकळीत सहसा शिरू शकत नाही, आणि मोठ्या उंदराच्या वाटेला अनेक मांजरं जातही नाहीत.

फटी बुजवणं

वरचं सगळं करून फटी उघड्या ठेवल्यात तर काही महिन्यांत तुम्ही परत तिथेच. मादीचा गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा, एका वेळी पाच ते आठ पिल्लं, आणि वर्षातून अनेक विणी. साधारण १२ मिलिमीटरची फटही उंदराला पुरते. वळचण, पाइप भिंतीत शिरतात त्या जागा, व्हेंटिलेटर, एसीच्या नळीचं भोक, सगळं तपासा. नुसता फोम ते कुरतडतात, त्यामुळे सिमेंट, पत्रा किंवा ६ मिलिमीटर छिद्रांची लोखंडी जाळी वापरा. छपराला टेकलेल्या फांद्या किमान दीड-दोन मीटर मागे छाटा.

साफ करताना लेंड्या कोरड्या झाडू नका, मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून थोडा वेळ थांबा, मग पुसून घ्या.

सगळ्या फटी एकदम बंद केल्यात तर उंदीर आत कोंडतात आणि वाट काढायला खाली खोल्यांत उतरतात. ज्या भोकातून येजा सर्वांत जास्त ते एक शेवटपर्यंत उघडं ठेवा आणि चाप त्याच्याच वाटेवर लावा. आठवडाभर एकही उंदीर सापडला नाही की त्या भोकात कागदाचा बोळा सैलसा कोंबा. तीन-चार रात्री बोळा जागचा हलला नाही, तर तेही सिमेंटने बुजवा.