खोताचं कूळ की गिरणीतला चाकरमानी?

स्वातंत्र्यापूर्वीच्या कोकणात कुळापुढे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यापुढे, हे दोनच रस्ते. गावात राहिलं तर भाताचा अर्धा वाटा अर्धेल म्हणून खोताच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदाराच्या घरी, वर वेठ, म्हणजे फुकट राबणं. पीक वाढलं की खोताचा वाटाही वाढे; मग कुळाने जास्त राबायचं कशाला? 1933 साली अलिबागजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांनी जमीन कसणंच थांबवलं, तो संप 1939 पर्यंत चालला. 1937 ला डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला 1949 ला!

मुंबईत रोख पगार, खोलीत पाळीपाळीने झोप. पण खोतापुढे वाकणं नाही. मी मुंबईच निवडली असती. अर्थात, हे पुरुषाचं गणित. मागे राहिलेल्या घरकारणीला दोन पर्याय नव्हतेच: खोताचं शेत आणि मनीऑर्डरची वाट.