शंभर एएचची म्हणून घेतलेली बॅटरी वीसची निघाली

एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. ३८,३०० रुपये गेले. त्यातले ३१,५०० बॅटरीचे, ६,८०० रिले (दोन बॅटऱ्या जोडणारा स्विच), वायरिंग आणि फिटिंगचे. दहा हजार यूपीआयने दिले, बाकीचे रोख, कारण "पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान." घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

मी काही न बघता घेतली नाही. सतरा वर्षं एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. थार गाडीत मुक्कामाला फ्रिज चालवायला दुसरी बॅटरी बसवायचं ठरल्यावर पंधरा दिवस वाचत होतो. लेड-ॲसिड, मग ती एजीएम (तिचाच बंद प्रकार) का असेना, सारखी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे १०० एएचची घ्यायची आणि ५० वापरायची, वर तीस किलोचं ओझं. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ सगळी वापरता येते. बोनेटखालची उष्णता तिला सोसत नाही, म्हणून मागच्या सीटमागे जागाही करून ठेवली होती.

हायवेलगतच्या त्या दुकानात मालकाने निळी पेटी एका हाताने उचलून माझ्याकडे दिली. "बघा साहेब, फुलासारखी हलकी. हेच लिथियम." मी खूश झालो. तिथेच कळायला हवं होतं! १०० एएचची पेटी अकरा-बारा किलो भरते, हे मी आदल्याच रात्री वाचलेलं. ही नंतर घरी काट्यावर ठेवली तर ५ किलो ९०० ग्रॅम. त्या दुकानासमोरच किराणावाला होता, त्याच्याकडे काटा होता. रस्ता ओलांडायचा, एवढंच काम होतं. मी मात्र मीटर लावला, १३.३ व्होल्ट आले, आणि विसंबलो. व्होल्टेजवरून क्षमता कळत नाही. लिथियममध्ये तर बॅटरी बरीच उतरेपर्यंत आकडा फारसा हलतच नाही.

बामणोलीला मुक्काम होता. संध्याकाळी सातला फ्रिज लावला, रात्री एकला बंद. लेकीचं दूध नासलं, चिकन टाकून दिलं. स्टार्टिंगची बॅटरी वेगळी होती म्हणून सकाळी गाडी तरी निघाली.

परत आल्यावर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावून बसलो. वीस तासांच्या वर जळायला हवा होता. साडेचार तासांत विझला. मग रागाच्या भरात पेटी खोलली. आत दंडगोल सेल, मोजून २८. एक सेल नवा असतानाही जेमतेम सहा एएचचा, चार-चार सिरीजमध्ये (एकापुढे एक, त्याने व्होल्टेज वाढतं, एएच नाही), अशा सात रांगा, म्हणजे सगळे मिळून ४२. तेही जुने: प्रत्येकाच्या टोकाला आधीची पट्टी ओरबाडून काढल्याचे वण आणि त्यावर नवं स्पॉट वेल्डिंग. वर चकचकीत स्टिकर, १०० एएच.

दुकानदार म्हणतो, "तुम्ही खोललीत, वॉरंटी संपली." म्हणून सांगतो, आधी बल्बची चाचणी घड्याळासकट व्हिडिओत घ्या, पेटीला हात लावू नका.

पोलीस ठाण्यात तीन हेलपाटे घातले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा दोन तास बाकावर बसवून "हा दिवाणी मामला आहे." तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत, उलट मलाच विचारतात, बिल का नाही घेतलं? बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. आणखी एका सरकारी कार्यालयात टेबलावरून टेबलावर चार दिवस फिरवलं आणि शेवटी सांगितलं, बिलाशिवाय काही होणार नाही. अहो, बिल न देणं हीच तर त्याची चोरी आहे! चार रजा गेल्या माझ्या. सेल दाखवायला पिशवीतून नेले होते, कुणी वाकून बघितलंसुद्धा नाही.

दुकानदाराने लिथियमला नुसता रिले जोडून दिला, हेही चूकच. ही बॅटरी अल्टरनेटरमधून (इंजिनावर चालणारा, वीज बनवणारा भाग) वाट्टेल तेवढा करंट ओढू शकते. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा, तो करंट आवरून देतो. जो दुकानदार त्याचं नावही काढत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. रोख तर देऊच नका.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. दहा हजारांचा यूपीआयचा पुरावा, व्हिडिओ आणि २८ सेल घेऊन सोमवारी वकिलाकडे जातोय. तशीच निळी पेटी साताऱ्यात आणखी कुणी घेतली असेल, तर आजच काट्यावर ठेवा आणि मला कळवा.