लिलावाच्या साईटवरची ‘फुकट लिस्टिंग’ ऑफर: सांगलीहून विकताना आलेला अनुभव

जुनी पोस्टाची पाकिटं, तिकिटं आणि नाणी ऑनलाइन लिलावात विकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी ज्या साईटवर विकते तिथं महिन्यातल्या काही शनिवार-रविवारी लिस्टिंग, म्हणजे वस्तू विक्रीच्या यादीत लावणं, फुकट असतं. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी ही ऑफर वापरली, अधूनमधून मुद्दाम टाळली आणि दोन्हींचा हिशेब वहीत मांडत गेले. निष्कर्ष आधीच सांगते. ज्या मालावर दोन-चार जणांची चढाओढ व्हायला हवी, तो फुकटच्या दिवशी लावू नका. त्या दिवशी जे वाचतं, त्याच्या कितीतरी पट लिलाव संपताना जातं.

साईट भारतातलीच आहे, तिचं नाव लिहीत नाही. मुद्दा एका साईटचा नाही, कमी-अधिक फरकानं सगळीकडे हेच चालतं. इथले दर असे: एरवी एका लॉटला, म्हणजे लिलावात लावलेल्या एका वस्तूला किंवा संचाला, लावणावळ (लिस्टिंगची फी) १२ रुपये, आणि लॉट गेला तर अंतिम किमतीवर ८ टक्के कमिशन. ऑफरच्या दिवशी १२ रुपये माफ, कमिशन तसंच. लॉट दुसऱ्या विभागातही दाखवायचा असेल, नाव ठळक हवं असेल किंवा पहिल्या पानावर झळकवायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे, तेही ऑफरमध्ये धरलेले नाहीत. ‘झिरो फी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी माफ होते ती एवढीच रक्कम, हे नव्यानं येणाऱ्यानं आधी समजून घ्यावं.

हरभट रोडजवळ आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. त्यामुळे रद्दीवाल्यांशी जुनी ओळख. त्यांच्यातल्या एकाकडून हळदीच्या एका बंद पडलेल्या पेढीचा पत्रव्यवहार मिळाला. मुंबई, राजकोट, बार्शी अशा गावांहून सांगलीला आलेली, १९४८ ते १९५२ मधली पाकिटं. पुढं पाठवणाऱ्या गावाचा शिक्का, मागं सांगलीला पोचल्याचा शिक्का. काहींवर १९४७ च्या नोव्हेंबरात निघालेलं साडेतीन आण्यांचं तिरंग्याचं ‘जय हिंद’ तिकीट. सुटं तिकीट कुणालाही मिळतं. पण शिक्क्यासकट, मूळ पाकिटावर चिकटलेलं असलं की गोष्ट वेगळी. ते पाकीट नेमकं कुठल्या दिवशी कुठून निघालं आणि कुठं पोचलं हे त्यावरच लिहिलेलं असतं, आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्यासाठी.

या गठ्ठ्यामुळे मला नीट पडताळणी करता आली. एकाच पेढीला, त्याच गावाहून, त्याच वर्षी आलेली, तेच तिकीट लावलेली, जवळजवळ सारख्या स्थितीतली दोन पाकिटं मी निवडली. फोटो त्याच उजेडात काढले, वर्णन त्याच शब्दांत लिहिलं, दोन्हींची बोली १५० रुपयांपासून ठेवली. पहिलं फुकटच्या रविवारी लावलं. सात दिवसांनी रात्री लिलाव संपला तेव्हा त्यावर एकच बोली होती, १५० ची. कमिशन जाऊन हातात १३८ रुपये आले. दुसरं महिन्याभरानं, ऑफर नसताना, १२ रुपये भरून बुधवारी लावलं. ते ६१० ला गेलं. कमिशन आणि लावणावळ वजा करून साधारण ५४९ राहिले. एका जोडीवरून कायदा ठरत नाही, म्हणून गठ्ठ्यातली आणखी पाकिटं अशीच वाटून लावली. दर वेळी फरक एवढा मोठा नव्हता, पण बहुतेक वेळा कल हाच होता.

असं का होतं हे समजलं की ऑफरकडे बघायची नजर बदलते. या साईटवर खरेदीदार आपली कमाल रक्कम आधीच गुपचूप भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. समजा एकानं ९०० भरले आणि दुसऱ्यानं ५९०. तर लॉट ९०० ला जात नाही. तो दुसऱ्याच्या ५९० वर एक पायरी, म्हणजे आमच्याकडे २० रुपये चढवून, ६१० ला जातो. म्हणजे किंमत ठरवतो तो जिंकणारा नाही, हरणारा. तो दुसरा माणूस त्या रात्री आलाच नाही, तर ९०० द्यायला तयार असलेला गृहस्थही वस्तू १५० लाच घेऊन जातो, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही.

आता फुकटच्या रविवारी काय होतं बघा. विकणारे अख्खा महिना थांबून त्याच दिवशी माल ओततात. फुकटच्या लॉटला कालावधी सातच दिवसांचा, त्यामुळे सगळं पुढच्या रविवारी रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान संपतं. खरेदीदार मात्र तेवढेच असतात, आणि पाकिटं गोळा करणारे देशभरात असून असून असतात किती! त्यातला एक जण एका लॉटच्या शेवटच्या मिनिटात अडकलेला, दुसरा तिसऱ्याच लॉटवर. दोघं एकमेकांसमोर येतच नाहीत. आपल्या लॉटला शंभर जणांनी बघण्याची गरज नसते. नेमके दोन जण, एकाच वेळी, एकाच वस्तूवर भिडावे लागतात. फुकटच्या दिवशी नेमकं हेच मोडतं.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा आवक किती झाली हे आधी विचारलं जातं, मालाची प्रत नंतर. आवक दाटली की चांगल्या राजापुरी हळदीलाही उठाव राहत नाही. म्हणून तर पूर्वी हरिपूरच्या पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमध्ये, हळद ठेवून शेतकरी आणि व्यापारी बरा दर येईपर्यंत थांबायचे. २००५ च्या महापुरात त्या पेवांचं फार नुकसान झालं. पण थांबून, वेळ बघून विकायचं हे शहाणपण या गावात मुरलेलं आहे. ऑनलाइन विकताना आपण ते का विसरतो, कळत नाही.

गर्दीपेक्षाही मला जास्त खुपतो तो कचरा. लावणावळ लहान असली तरी ती चाळणीचं काम करते. १२ रुपये जाणार म्हटलं की माणूस क्षणभर विचार करतो, ही वस्तू खरंच कुणी घेईल का, आणि आपण मागतोय ती किंमत रास्त आहे का. फी गेली की तो विचार जातो. मग १९६८ ते १९७१ मधली कमळाची पितळी वीस पैशांची नाणी पन्नास हजारांना, वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी लाखांत, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट आणखी कितीला तरी. ‘अशा नाणी-नोटांना लाखो मिळतात’ या व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजवर विश्वास ठेवून साधी माणसं हे लावतात, आणि त्यांचा मला राग येत नाही, वाईट वाटतं. जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाचा वापर करून लोकांना फसवलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. साईटनं निदान त्या विभागात तरी हा इशारा ठळक लावायला हवा. तो नाही. उलट फुकट ऑफर त्या अफवेला दर महिन्याला नवी जागा देते.

मिरजेचे एक काका माझ्याकडून नियमित पाकिटं घेतात, चाळीसेक वर्षांचा संग्रह आहे त्यांचा. मध्यंतरी फोनवर म्हणाले, “ताई, रविवारी मी साईट उघडतच नाही आता. कमळाच्या वीस पैशांतच पानंच्या पानं जातात, डोळे दुखायला लागतात. तुमचं काही बुधवारी-गुरुवारी असलं तर सांगा.” ज्यांच्यासाठी लिलाव चालवायचा, ते जाणकारच निघून गेले तर उरलेल्या गर्दीला काय करायचं?

ही ऑफर नवी नाही. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या साईटवर फुकट किंवा नाममात्र दरात लिस्टिंगचे दिवस वर्षानुवर्षं येत राहिले, आणि लॉट फार झाले, विक्री पातळ झाली, अशी ओरड तिथल्या विक्रेत्यांनीही केली. २००८ मध्ये ईबेनं लावणावळ कमी केली आणि त्याच वेळी विक्रीवरचं कमिशन वाढवलं. स्वस्त मालावर ते सव्वापाच टक्क्यांवरून पावणेनऊ टक्क्यांवर गेलं, आणि चिडलेल्या विक्रेत्यांनी फेब्रुवारीत आठवडाभर बहिष्कार टाकला. २०१० मध्ये मात्र त्यांनी एक गोष्ट मला पटणारी केली. महिन्याला १०० लिलाव फुकट दिले, पण सुरुवातीची बोली ९९ सेंट किंवा त्याहून कमी असेल तरच. म्हणजे सवलत हवी तर बोली खालून सुरू करा. अवाच्या सवा किंमत लावून जागा अडवणाऱ्याला तिथं काही फुकट नव्हतं, आणि महिनाभराचा कोटा असल्यामुळे सगळ्यांनी एकाच दिवशी तुटून पडायचं कारणही राहत नाही.

चीनमधली गोष्ट याच्या उलट दिसते. २००३ मध्ये ताओबाओ ही तिथली ऑनलाइन बाजाराची साईट सुरू झाली ते विक्रेत्यांकडून काहीच न घेता, आणि ईबेला तिथून २००६ च्या अखेरीस आपली साईट स्थानिक भागीदाराच्या हाती सोपवावी लागली. मग फुकट वाईट कसं, असं कुणी विचारेल. पण ते फुकट रोजचं होतं, एका रविवारचं नव्हतं, आणि तिथं बहुतेक माल ठरलेल्या किमतीला विकला जायचा. कमाई पुढं जाहिरातींतून झाली, म्हणजे यादीत वर दिसण्यासाठी विक्रेत्यानं पैसे मोजले. आमच्या साईटवरही फुकटच्या दिवशी ‘पहिल्या पानावर दाखवा’ची सूचना जास्त आग्रहानं येते, हे मी पाहिलंय. गर्दी तेच करतात आणि गर्दीतून वर यायचे पैसेही तेच घेतात.

आपल्याकडे बाझी हे ऑनलाइन लिलावाचं संकेतस्थळ २००० मध्ये सुरू झालं, २००४ मध्ये ईबेनं ते घेतलं, आणि ईबे इंडिया १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झालं. त्यानंतर आपल्याकडचे संग्राहक वेगवेगळ्या साईटवर विखुरले. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी परदेशी पाठवता येत नाहीत, म्हणजे त्यांना गिऱ्हाईक देशातलंच. इतक्या थोड्या खरेदीदारांत हजारो लॉट एका रात्री सोडणं हा त्या बाजारावर अन्याय आहे.

आता ऑफरचा उपयोग कुठं होतो तेही सांगते, कारण मी ती अजून वापरते. जिथं चढाओढ होणारच नसते, एकच कुणीतरी कधीतरी शोधत येणार असतो, तिथं ती चांगली आहे. मिरज जंक्शनचा शिक्का असलेलं साधं पोस्टकार्ड, काडेपेट्यांची लेबलं, ‘रुपये का सौवाँ भाग’ लिहिलेले १९५७ चे नये पैसे. हे मी ठरलेल्या किमतीला, ‘लगेच घ्या’मध्ये लावते आणि विसरून जाते. नये पैसे एकेक नाही, वर्षवार संच करून. कारण १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि आता ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावाबाहेर ४७ रुपये अधिक जीएसटी पडतात. तीस रुपयांच्या नाण्यासाठी पन्नासच्या वर टपाल कोण देईल? लावणं फुकट झालं म्हणून पाठवणं फुकट होत नाही. फोटो, वर्णन, पुठ्ठा कापून पाकीट भरणं, पोस्टातली रांग, हे कष्ट तर कुठल्याच ऑफरमध्ये माफ नाहीत, आणि न विकल्या गेलेल्या लॉटमागेही यातले निम्मे झालेलेच असतात.

नवीन विक्रेत्यालाही मी ऑफर वापरायला सांगेन. पाच-पंचवीस साध्या वस्तू लावाव्यात, फोटो कसा काढायचा, शिक्क्याचं वर्णन कसं लिहायचं ते शिकावं, चार चांगले अभिप्राय मिळवावेत. घरातलं सर्वात मौल्यवान पाकीट मात्र त्या दिवशी बाहेर काढू नये.

साईटला एकूण पाचपैकी चार गुण देईन. पैसे वेळेवर येतात, तक्रार केली तर माणूस बोलतो. ऑफरला दोन. ती सुधारणं अवघड नाही. फुकटच्या लॉटला सध्या सातच दिवसांचा कालावधी निवडता येतो, पैसे भरून लावलेल्याला मात्र तीन, पाच, सात किंवा दहा. फुकटच्यांनाही दहा दिवस दिले, तर रविवारी लावलेलं बुधवारी संपेल आणि गर्दी दोन-तीन रात्रींत वाटली जाईल. किंवा महिन्याला ठरावीक लॉटचा कोटा द्यावा, दिवस ज्याचा त्यानं निवडावा. हे दोन्ही मी त्यांना सविस्तर लिहून, दोन पाकिटांचे आकडे जोडून पाठवलं. कालावधीचा मुद्दा विचारात घेतोय असं उत्तर आलंय, कोट्याबद्दल काही नाही. तुम्हीही विकत असाल तर तुमचे आकडे त्यांना पाठवा, एकट्या सांगलीच्या हिशेबावर ते नियम बदलणार नाहीत.