बांबू की रॉड, हिप्परगा की उजनी? पहिल्यांदा गळ टाकणाऱ्यासाठी

दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. "मामा, मासे धरायला रॉड घ्यावा म्हणतोय, रीळवाला. घेतला की लगेच उजनीला जाऊ." पोरगा आजवर एकदाही गळ घेऊन पाण्याकडेला बसलेला नाही. मी म्हणालो, रॉड राहू दे, आधी बांबू घे. उजनी धरण राहू दे, आधी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर चल. त्याला ते पटलं नाही आणि फोनवर मला नीट समजावताही आलं नाही. सोलापुरात हाच प्रश्न पडलेले आणखीही बरेच जण भेटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काठीचं. बांबू म्हणजे दहा-बारा फुटांची वाळलेली, सरळ, शेंड्याकडे निमुळती होत गेलेली काठी. शेंड्याला जवळपास तेवढ्याच लांबीचा नायलॉन दोरा, त्यावर बुचाचा किंवा थर्माकोलचा तरंगता तुकडा, खाली शिशाचा मणी आणि टोकाला आठ किंवा दहा नंबरचा गळ. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात जाण्याआधी लक्षात ठेवा. नाहीतर 'मोठ्या माशाला मोठा नंबर' म्हणून बारीकसा गळ घरी येतो. हा सगळा संच दोन-तीनशे रुपयांत होतो. मध्यम प्रतीचा रॉड आणि रीळ घ्यायचं तर हजार-दोन हजार सहज जातात.

पण पैशापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. रॉड हातात आला की माणूस फेकायला शिकतो. बांबू हातात आला की पाणी बघायला शिकतो. बांबूने लांब फेकताच येत नाही, त्यामुळे समोरच्या पंधरा फुटांत काय चाललंय इकडेच डोळा राहतो. खोली किती हे बूच सांगतं. ते पाण्यावर आडवं पडलं तर शिसं तळाला टेकलंय, म्हणजे बूच गळाकडे थोडं खाली सरकवायचं. उभं राहिलं की गळ तळाच्या वर लोंबतोय. एवढं एक जमलं की अर्धं काम झालं.

मासा कसा लागतो तेही त्याच बुचावर दिसतं. चिलापी (तिलापिया मासा) आधी टोचते. बूच जागच्या जागी थरथरतं, बारीक वलयं उठतात, पुन्हा शांत. नवखा इथेच घाईने काठी ओढतो आणि रिकामा गळ वर येतो. थांबायचं. मग बूच तिरकं होऊन एका बाजूला सरकायला लागतं किंवा सरळ खाली जातं, तेव्हा मनगटाने हलकासा झटका द्यायचा. खांद्यापासून ओढू नका. चिलापीचं तोंड लहान असतं, जोरात ओढलं की गळ फाडून निसटतो. रोहू लागला तर मात्र तो टोचण्यात वेळ घालवत नाही, बूच दमदार खाली जातं, आणि त्या क्षणी बांबूवाल्याची परीक्षा असते.

रीळ तिथे खरं उपयोगाला येतं. तीन-चार किलोचा रोहू पळायला लागला की दोरा थोडा थोडा सोडत त्याला दमवावं लागतं, आणि बांबूला सोडायला दोराच नसतो. एक तर दोरा तुटतो नाही तर शेंडा. शिवाय तीस-चाळीस मीटर आत गळ पोचवायचा असेल तर रॉडला पर्याय नाही. पण सुरुवातीच्या दिवसांत रिळाचा दोरा ढिला गुंडाळला जातो, दोन-चार फेकीनंतर त्याचा गुंता होतो, आणि सकाळची सगळ्यात चांगली वेळ तो सोडवण्यात जाते. माझ्या दोन सकाळी अशा गेल्यात. आणि चिलापी, जी तुम्हाला सुरुवातीला सगळ्यात जास्त मिळणार आहे, ती काठाजवळच्या उथळ पाण्यातच फिरते. तिच्यासाठी लांब फेकायची गरजच नाही.

एक अडचण मान्य करतो. बारा फुटांचा बांबू दुचाकीवर तुळजापूर रस्त्याने न्यायचा म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. तुमच्याकडे दुचाकीच असेल तर बिनरिळाची, एकात एक सरकणारी फायबरची काठी घ्या. ती मिटली की पिशवीत मावते आणि शिकवते बांबूइतकंच.

आता पाणी. हिप्परग्याचा, म्हणजेच एकरुखचा तलाव शहराच्या उत्तरेला हाकेच्या अंतरावर आहे. अदिला नदीवर बांध घालून १८७१ साली तो पुरा झाला. सकाळी सहाला निघालात तर साडेसहाला गळ पाण्यात असतो. नऊला गुंडाळून घरी आलात तर कामावरही जाता येतं. शिकणाऱ्याला हेच हवं: थोडं थोडं, पण वारंवार. महिन्यातून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा दोन तास बसलेला माणूस लवकर शिकतो.

उजनी म्हणजे वेगळाच मामला. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात, आणि पाण्याचा फुगवटा पार पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गेलेला. सोलापूरहून धरणापर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ता. मासा भरपूर: चिलापी, रोहू, कटला, मृगल, मरळ, वाम, शिंगाळा. भिगवणच्या बाजारात गेलात तर डोळ्यांनी बघाल. पण एवढ्या पाण्यात मासा कुठे आहे हे नवख्याला कळत नाही, आणि त्याच्याकडे दिवस एकच असतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठाला गाळ उघडा पडतो. वरून तो वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. दुपारनंतर वारा सुटला तर लाटा उठतात. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, हे आपल्या जिल्ह्याला अजून आठवतंय. उजनीला जाल तेव्हा काठावरूनच गळ टाका, एकटे जाऊ नका, आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणाच्याही होडीत पाय ठेवू नका.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. तलावातली मासेमारी बहुधा ठेक्याने किंवा मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेली असते. त्यावर घरं चालतात. काठावर जो मच्छीमार भेटेल त्याला आधी रामराम घाला आणि विचारा, "दादा, इथं गळ टाकला तर चालतंय का?" नको म्हणाला तर वाद न घालता उठा. हो म्हणाला तर तो मासा कुठे आहे हेही सांगेल. त्याच्या जाळ्याच्या आसपास मात्र गळ टाकू नका. शहरातल्या सिद्धेश्वर तलावाचा तर विचारही करू नका, ते देवाचं पाणी आहे.

आमिषाची तुलना थोडक्यात: गांडूळ की कणीक? गांडूळ जवळपास सगळ्यांना चालतं, चिलापीपासून शिंगाळ्यापर्यंत. पण शिंगाळा लागला तर त्याचे काटे हाताला असे टोचतात की दिवसभर ठणका जात नाही. चिलापी आणि रोहूसाठी कणीक पुरते. इथे सोलापूरकर हमखास चुकतो, कारण घरात डबाभर पीठ असतं ते ज्वारीचं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. गोळा गळाला लावून पाण्यात सोडला की मिनिटभरात विरघळतो आणि तुम्ही रिकाम्या गळाकडे बघत बसता. गव्हाचीच कणीक घ्या. त्यात मूठभर शेंगदाण्याची पेंड कुस्करून घाला, वास पाण्यात पसरतो. पाणी थेंबाथेंबाने घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. गोळी वाटाण्याएवढी, गळाचं टोक जेमतेम झाकेल अशी. लिंबाएवढा गोळा लावला तर लहान मासे तो कडेकडेने कुरतडून खातात.

वेळेचं म्हणाल तर उन्हाळ्यात उजाडल्यापासून साडेआठपर्यंत, नाहीतर थेट संध्याकाळी. थंडीत उलट, ऊन पाण्यावर आल्यावर मासा हलायला लागतो. पावसाळ्यात रोहू-कटल्याचा विणीचा हंगाम असतो. पोट फुगलेली मादी लागली तर ओल्या हाताने सोडवून परत सोडा. आणि लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर घुटमळताना दिसला तर खाली मरळ राखणीला असते. तिला तेव्हा धरलं तर ती पिल्लंही जातात. तिथे गळ टाकू नका.

चिलापी हातात घेताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा, म्हणजे पाठीचे काटे दबतात. उलटा हात घातला तर तळवा फाटतो. गळाच्या आतला उलटा काटा घरीच पकडीने दाबून टाका. मासे थोडे जास्त सुटतील, पण गळ पटकन निघतो, माशाच्या तोंडातूनही आणि चुकून तुमच्या बोटात घुसला तरीही.

भाच्याला मी एवढंच कबूल करून घेतलंय की होळीपर्यंत बिनरिळाची काठी आणि हिप्परगा. तोवर बुचाकडे बघून चिलापी कोणती आणि रोहू कोणता हे त्याला न चुकता सांगता आलं, तर रॉड घ्यायला मी स्वतः त्याच्याबरोबर येईन आणि पहिल्यांदा उजनीलाही आम्ही दोघं मिळूनच जाऊ. येत्या रविवारी सकाळी तो दारात येणार आहे. पकड, ओलं फडकं आणि गव्हाचं पीठ त्याने आणायचं, पेंड माझ्याकडे आहे.