धर्मशाळेत चार महिने: खोली बरी, पण मिक्सरचं काय?

काल मिक्सर जळाला, म्हणून लिहायला बसलो.

बाबांना तोंडाचा कॅन्सर. खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीची) कृपा, दुसरं काय! आधी ऑपरेशन, मग 33 शेक, म्हणजे रेडिएशन. सोमवार ते शुक्रवार, रोज दहा मिनिटांचं काम. गोंदियाहून नागपूरला जाऊन-येऊन 260 किलोमीटर. रेल्वेच्या तिकिटाचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म खिडकीवर दिला की स्लीपरमध्ये पेशंटला पूर्ण माफ, सोबतच्याला 75 टक्के सूट. पण बाबांना बसवत नव्हतं. म्हणून दवाखान्याजवळची ही धर्मशाळा.

भाडं रोजचं 120 रुपये, दोन खाटा, संडास कॉमन. ह्या पैशात नागपुरात लॉजवाला दारात उभं करत नाही. शनिवार-रविवार गावी गेलो तरी भाडं चालूच, एवढं मात्र खुपतं.

खरं दुखणं वेगळंच. बाबांच्या नाकात नळी. दर अडीच तासांनी मूगडाळीची खिचडी मिक्सरमधून फिरवा, धोतराच्या फडक्यातून गाळा, मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडा, वरून पाणी. सालीचा एक कण राहिला की नळी बंद, मग रात्री दोनला कॅज्युअल्टी. आणि खोलीत पाटी काय, तर ‘विजेची उपकरणे वापरू नयेत’! आमच्या मजल्यावर आठ खोल्या, पाच जणांच्या नाकात नळी. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही?

पहिल्या महिन्यात दोनच स्टार देणार होतो. मॅनेजरशी भांडलोही. त्यांनी काही न बोलता खाली नेऊन जळकं बोर्ड दाखवलं. कोणीतरी शेगडी लावली होती. आठवड्याभरात स्वयंपाकघरात एक पॉइंट काढून दिला. मिक्सर ज्याचा त्याने आणायचा.

मी सीताबर्डीतून 1,900चा आणला आणि तो अख्ख्या गावाचा झाला. सकाळी सातला रांग. जीव जळायचा, खोटं कशाला बोलू? पण मी फाईल घेऊन दवाखान्याच्या रांगेत असलो की बैतूलच्या ताई बाबांचं जेवण गाळून द्यायच्या. मग कोणत्या तोंडाने बोलणार?

काल एका धडधाकट पोरानं त्यात शेंगदाण्याची चटणी फिरवली. धूर! मोटर बांधायचे 650 सांगितले, वर्गणीचे 240 जमलेत.

चार स्टार. पाचवा मिक्सरचा.

अजून तीन शेक बाकी आहेत. आज ताईंनी खिचडी पाट्यावर वाटली, दोनदा गाळली. नळी तुंबली नाही.