अंबडजवळचं फायबरचं दुकान आणि मामांची चौदा फुटी बोट

नाशकात फायबरचं (काचेचे तंतू आणि रेझिन मिळून जे बनतं ते) सामान सुटं कुठे मिळतं हे गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकतो. पाथर्डी फाट्याकडून अंबड एमआयडीसीत शिरताना आतल्या एका गल्लीत हे दुकान आहे, दारात काचेच्या तंतूंच्या पांढऱ्या मॅटचे रोल उभे असतात आणि रेझिनचा, म्हणजे ते तंतू भिजवून घट्ट होणाऱ्या द्रवाचा, वास गल्लीच्या तोंडाशीच येतो. नाव लिहीत नाही कारण पुढे एक तक्रारपण आहे, पण त्या भागात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं तरी तो दाखवेल.

आधी बोटीचं सांगतो. दारणेच्या बॅकवॉटरला मामांची जमीन आहे, तिथे त्यांची १४ फुटी फायबरची बोट होती, पलीकडच्या काठावरून चारा आणायला आणि मासे धरायला. मामांचे गुडघे गेले तेव्हापासून ती बाभळीखाली सात-आठ वर्षं तशीच पडून, तीही उपडी नाही तर सरळ, म्हणजे दर पावसाळ्यात पाणी भरणार आणि आत पाला कुजणार. मामा म्हणाले "भंगारवाला पण नको म्हणतोय रे, तुला पाहिजे तर ने". ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून दसऱ्यानंतर घरी आणली आणि पोर्चच्या बाजूच्या पट्टीत ठेवली. मी लहानपणी ह्याच बोटीवरून पोहायला शिकलोय, त्यामुळे ती टाकून द्यायची हा विचार मला कधी पटलाच नाही.

बाहेरून फार वाईट दिसत नव्हती. जेलकोट, म्हणजे फायबरचा सगळ्यात वरचा गुळगुळीत थर, पांढुरका झालेला, तळाला वाटाण्याएवढे फोड आलेले, आणि एका बाजूला खडकावर आपटून पडलेली हातभर लांब चीर. पण दहा रुपयाचं नाणं घेऊन सगळीकडे टकटक करत गेलो तर बाकी ठिकाणी टण टण आवाज आणि मागच्या फळीला, म्हणजे जिथे इंजिन अडकवतात त्या ट्रान्समला, एकदम भद. तिथे आतून छोटं भोक पाडलं तर ड्रिलबरोबर ओला तपकिरी भुसा बाहेर आला. फायबर कुजत नाही हो, पण दोन फायबरच्या मध्ये जे प्लायवूड असतं ते कुजतं, स्क्रूच्या एका भोकातून पाणी आत गेलं की ते बाहेर यायला वाटच नसते. सीटखालचा फोमपण पाणी पिऊन इतका जड झालेला की एक तुकडा उचलायला दोघं लागलो.

आता दुकान. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा यादी घेऊन गेलो होतो, दहा किलो इपॉक्सी (हार्डनर मिसळून घट्ट होणारं रेझिन), ४५० ग्रॅमची (चौरस मीटरला) चॉप्ड मॅट, जेलकोट, मोबाइलवर वाचून वाचून बनवलेली. गल्ल्यावरच्या काकांनी यादी हातात घेतली आणि सामान काढायच्या ऐवजी विचारायला लागले, वस्तू काय आहे, किती जुनी, पाण्यात किती वेळ राहणार, वाळवली का. मी म्हटलं बोट आहे, तर उठून माझ्याबरोबर बाहेर आले आणि मोबाइलमधले सगळे फोटो मोठे करून करून पाहिले. मग म्हणाले, "दादा, ही मॅट तुम्ही इपॉक्सीत लावणार असाल तर मी देणार नाही."

कारण त्यांनी तिथेच मॅटचा तुकडा फाडून दाखवलं. चॉप्ड मॅटमधले काचेचे तंतू एकत्र धरायला पावडर किंवा इमल्शनचा बाइंडर असतो, तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, म्हणून मॅट मऊ पडून कोपऱ्यात बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, बाइंडर तसाच राहतो, मॅट ताठ राहते, खाली हवा राहते. इपॉक्सीला विणलेलं कापड लागतं. ही एक गोष्ट मला माहीत नसती तर माझी पूर्ण मागची फळी वाया गेली असती, आणि दुकानदाराला काय, त्याचं सामान विकलंच जाणार होतं.

मग त्यांनी यादी नव्याने लिहिली. जुन्या वाळलेल्या फायबरला नवीन काही चिकटवायचंय, म्हणजे चीर आणि ट्रान्सम, तिथे इपॉक्सी, कारण जुन्या फायबरवर ती पॉलिएस्टरपेक्षा खूप घट्ट धरते. सीट आणि झाकणं नवीनच बनवायची होती, वेगळी साच्यावर, ती साध्या जीपी (पॉलिएस्टर) रेझिनमध्ये आणि तिथे माझी ४५० ची मॅट. दहा किलोची इपॉक्सी चारवर आली. इपॉक्सीचा भाव साध्या रेझिनच्या तिप्पट-चौपट, म्हणजे काकांनी स्वतःचंच बिल कमी केलं. जेलकोट तर पूर्ण काढून टाकला, इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट सेट होईल ह्याची खात्री नसते म्हणून इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) पेंट लावा म्हणाले. तो पेंट ते विकतही नाहीत.

प्लायपण त्यांच्याकडे नाही, पण कुठलं घ्यायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं, आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन, १८ एमएमच्या दोन शीट एकमेकांना चिकटवून. प्लायवाल्याने मला "वॉटरप्रूफच आहे सर" म्हणत आयएस ३०३ वालं, साध्या कामाचं, दाखवलं होतं, चिठ्ठी होती म्हणून मी अडून बसलो. शिक्का शीटवर स्वतः बघा, तोंडी ऐकू नका.

सुटं देतात ही ह्या दुकानातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बाकी ठिकाणी रेझिनचा मोठा ड्रम नाहीतर जा. इथे किलोवर मिळतं, एरोसिल पावडर पाव किलो मिळते (इपॉक्सीत कालवली की लोण्यासारखी घट्ट होते, फटी भरायला आणि कोपऱ्यात गोलाई द्यायला हीच लागते, फक्त इतकी हलकी की श्वासाबरोबर आत जाते, मास्कशिवाय डबा उघडू नका). मॅटमधली हवा काढायचा लोखंडी खाचांचा रोलर त्यांनी डिपॉझिट घेऊन वापरायला दिला. आणि पैसे देऊन त्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री दोन तास घरी येऊन गेले, हे मिस्त्री एरवी गणपती मंडळांचे डेकोरेशनचे खांब आणि मूर्ती फायबरमध्ये करतात, त्यांचा हात बघणं म्हणजे शाळाच. मी चिरेच्या दोन्ही बाजू जेमतेम बोटभर घासल्या होत्या, त्यांनी पट्टी ठेवून दाखवलं की जाडीच्या बारा पट उतार पाहिजे, चार एमएम जाड असेल तर प्रत्येक बाजूला जवळजवळ दोन इंच, नाहीतर नवीन थर जुन्याच्या कडेवर नुसता टेकतो आणि पहिल्या धक्क्याला तिथूनच उघडतो. मग ग्राइंडर स्वतः घेतला आणि अर्ध्या तासात असा उतार काढला की हात फिरवला तरी कड लागत नव्हती.

थंडीचा अनुभव वेगळा लिहायला हवा कारण तो नाशिकचाच आहे. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. मी ऑफिसवरून येऊन संध्याकाळी सात वाजता पहिला थर लावला, दुसऱ्या दिवशी हात लावला तर चिकट, तिसऱ्या दिवशी पण चिकट, आणि वर मेणासारखा तेलकट पापुद्रा. मला वाटलं माल खराब दिला. रागारागात दुकानात गेलो तर काकांनी शांतपणे विचारलं किती वाजता लावलं. थंडीत आणि दमट हवेत इपॉक्सीच्या हार्डनरचा असा पापुद्रा येतो, तो कोमट पाण्याने आणि हिरव्या स्क्रबरने धुवायचा, मग घासायचं, आधी घासलं तर तो आतच चोळला जातो. आणि काम सकाळी अकरा ते तीन करायचं म्हणजे ऊन असतानाच सेट व्हायला लागतं. मालात काही खोट नव्हती. अजून एक त्यांनी बजावून सांगितलं, साध्या रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट (ते घट्ट करायला घालतात ते द्रव) किलोला १० ते २० ग्रॅम, थंडी-ऊन बघून कमी-जास्त चालतं, पण इपॉक्सीत तसं नाही, डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, वजनकाट्यावर, हार्डनर जास्त टाकला म्हणून ती लवकर वाळत नाही, उलट कायमची मऊ राहते. एप्रिलमध्ये बरोब्बर उलटं झालं, झाकणांसाठी किलोभर रेझिन एका मगात कालवलं आणि अर्धं लावेपर्यंत मग गरम होऊन धूर यायला लागला. तेव्हापासून पाव-पाव किलो, तेही पसरट ताटात.

आता तक्रार, आणि ही मी त्यांच्या तोंडावर सांगितलेली आहे. कॅटॅलिस्ट, म्हणजे एमईकेपी, सुटं देताना ते पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून देतात. लेबल नाही. हे दिसायला अगदी पाण्यासारखं असतं, डोळ्यात थेंब गेला तर नजर जाऊ शकते, पोटात गेलं तर आतून भाजतं. माझ्या घरात सहा वर्षांची मुलगी आहे, उन्हाळ्यात दिसेल ती बाटली तोंडाला लावते. त्यात जांभळं कोबाल्ट, साधं रेझिन लवकर सेट व्हायला घालतात ते, तेपण त्याच पिशवीत बांधून दिलं होतं. हे दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच कॅटॅलिस्ट, हे काका प्रत्येकाला तोंडी सांगतात, मान्य, पण पिशवीत एक बाटली गळली तर तोंडी सांगितलेलं काय कामाचं. मी बोललो तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं, माझ्यासाठी ड्रॉपरचा पांढरा डबा शोधून काढला, वर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि कोबाल्ट वेगळ्या पिशवीत. पण महिन्याभराने गेलो तर पुढच्या गिऱ्हाइकाला परत पाण्याचीच बाटली जात होती. एवढं माहीत असलेल्या माणसाने हे करू नये. तुम्ही जाल तेव्हा घरून स्वतःचे दोन जाड प्लास्टिकचे डबे न्या, काचेचे नको, झाकण थोडं श्वास घेणारं असू द्या, आणि तिथेच नाव लिहून घ्या.

दुसरी कमी म्हणजे मास्क. त्यांच्याकडे कापडी मिळतो, त्याचा ह्या कामात उपयोग नाही. घासताना धुळीचा आणि रेझिन लावताना वाफेचा कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, तो एमआयडीसीतल्या सेफ्टीच्या दुकानातून घ्या. काचेची धूळ अंगात गेली की खाज दोन दिवस जात नाही, पूर्ण बाह्या, हाताला आधी टाल्कम पावडर, आणि अंघोळ गार पाण्याने. वासाचंही सांगतो, शेजारच्या काकूंना दमा आहे, साध्या रेझिनचा वास त्यांना पहिल्याच दिवशी बाधला, मी लगेच काम थांबवून सीट आणि झाकणं मामांच्या शेतात नेऊन केली. इपॉक्सीला वास खूप कमी, ती घरी चालली. बंगल्याच्या पट्टीत काम करणार असाल तर शेजारी आधी विचारा.

मे महिन्यात बोट दारणेला नेली. मागच्या फळीवर मी आणि मामेभाऊ दोघं उभे राहिलो, कुरकूरसुद्धा नाही. मामा काठावर खुर्ची टाकून बसले होते, बोट परत आल्यावर म्हणाले आत हात घालून बघ, कोरडी आहे का. सीटखाली, कोपऱ्यात, चिरेच्या जागी, सगळीकडे हात फिरवला आणि तळहात त्यांच्या हातावर ठेवला. कोरडा होता. मग उठले आणि काठी बाजूला ठेवून आत बसले.

सामानाचं एकूण बिल, प्लाय आणि पेंट धरून, बावीस हजारांच्या आत बसलं, मिस्त्रींचे पैसे वेगळे. दुकान शनिवारी बंद असतं. गणपतीच्या आधीचे दोन महिने टाळा, मंडळवाल्यांची इतकी गर्दी असते की काकांना बोलायला वेळ मिळत नाही, आणि ह्या दुकानात जायचं ते त्यांच्याशी बोलायलाच. दिवाळीनंतर जा, बोटीचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि यादी तिथे गेल्यावर करा.